तिसऱ्या मजल्यावरची सिस्टर

सुरत, ऑगस्ट १९९६

आदरणीय सोनाआत्या,

सविनय जयभीम. तुझे गुडघे, भुसावळची हवा आणि शेजारच्या पुष्पाबाई, तिन्ही तुझ्याशी नीट वागत असतील असं धरून चालते. इकडे आम्ही बरे आहोत. माझी कंबर तर इतकी बरी आहे की रागच येतो.

कारण कंबरेपायीच मी तुझं ऐकलं आणि इमर्जन्सी वॉर्ड सोडून नव्या सिस्टरांना शिकवायचं काम घेतलं. (तू म्हणालीस, बसायला खुर्ची मिळेल. मिळाली. चाकांची आहे, बसायला गेलं की मागे पळते.) आता तिसऱ्या मजल्यावर मी, फळा आणि एक रबरी पेशंट. मुलींनी त्याचं नाव लोटूभाई ठेवलंय. पहिल्याच तासाला सवयीने मी त्याच्या छातीवर हात ठेवून विचारलं, काका, दुखतंय का? वर्ग हसला. मीही हसले. (उत्तरासाठी मी जरा थांबलेही होते, ते कुणाला कळलं नाही हे बरं.)

परवा दीप्ती नावाच्या मुलीला लोटूभाईची छाती दाबायला लावली होती, तेवढ्यात खाली रिक्षा करकचून थांबली आणि आरडाओरडा झाला. मी हातातल्या खडूसकट जिने उतरले. कडोदऱ्याच्या कापड कारखान्यातला लूम कारागीर होता, यंत्राच्या पट्ट्यात हात सापडलेला. मी पुढे झाले, तर मनीषा आडवी आली. (आत्ताच माझ्याकडे शिकून खाली गेली. सुई टोचताना स्वतःच डोळे मिटायची.) मान वर न करता म्हणाली, "बाई, हात खडूने भरलेत. दारातल्या रेघेबाहेर थांबा." वाक्य माझंच, मीच तिला घोकायला लावलेलं. थांबले.

बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती, अमळनेरकडची. तिच्याजवळ टेकले. तिने विचारलं, "तुम्ही काय करतस आठे?"

म्हटलं, इथे शिकवते.

"मंग आत कोन शे?"

"मी शिकवलेली."

तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि डॉक्टर बाहेर येईपर्यंत सोडलं नाही. त्याचा हात वाचला. मला आनंद झाला, आणि खरं सांगते, मनीषाचा हेवाही वाटला. ती पट्टी मला बांधायची होती, आत्या. वर गेले तर दीप्ती घामाघूम होऊन अजून लोटूभाईला दाबतेय, बाईंनी थांब म्हटलं नव्हतं म्हणून.

एकूण सगळं छान आहे. काळजी करू नकोस.

तुझी,
छाया

ता. क. छान काही नाही. आमच्या मेट्रन पूर्वी तुझ्या हाताखाली होत्या ना? त्यांना दोन ओळी लिही, छायाला खाली परत घ्या म्हणून. रात्रपाळीही चालेल. मी सांगितलं असं म्हणू नकोस.

आणखी एक. (अंतर्देशीयाच्या कडेला लिहितेय, फिरवून वाच.) पत्र चिकटवणार इतक्यात मनीषा घरी आली. आज वॉर्डात तिच्यासमोर एक आजोबा वारले. बाहेर बसलेल्या त्यांच्या मुलीला काय सांगायचं ते तुम्ही शिकवलंच नाही बाई, म्हणाली आणि रडली. मेट्रनना एवढ्यात लिहू नकोस. मलाही ते कुणी शिकवलं नव्हतं, मी नुसती जवळ जाऊन उभी राहायचे. तुला कुणी शिकवलं असेल तर लवकर कळव. सोमवारी तास आहे.