नावानिशी मागणी

प्रिय तनुताई,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितोय. आधी बातमी. मला काम लागलंय, हसू नको. आपल्या कुरुळीच्या ग्रामपंचायतीत, मार्च संपेपर्यंत. सयाजी रिक्षा चालवतो, मी मागं बसून भोंग्यावर घरपट्टी थकलेल्यांची नावं घेतो. चाकणच्या कंपनीपेक्षा बरं, बसून तरी असतं.

ग्रामसेविका नीला मॅडमनी मला कर समजावले. काही कर आपण नकळत भरतो. टपरीवर बिस्किटाचा पुडा घेतला तरी त्यात जीएसटी असतो, दुकानदार किमतीतच घेतो आणि पुढं सरकारला भरतो. तिथं कुणी नाव विचारत नाही. घरपट्टीचं तसं नाही. घर केवढं, पत्र्याचं का स्लॅबचं, ते बघून पंचायत आकारणी करते आणि मालकाच्या नावानिशी मागते. मालक गेला तरी वारसांची नावं लागेपर्यंत त्याच्याच नावानं. मी विचारलं, मग बाइकचा रोड टॅक्स? तो राज्याचा, गाडी घेतानाच भरायचा, म्हणाल्या. ती बाइक मी विकली, पण ते परत कधीतरी.

तर आई. चार खोल्यांचं भाडं येतंय, पाणीपट्टी तर ती मागायच्या आधी भरते. घरपट्टीच तेवढी अप्पा गेल्यापासून तीन वर्षं तशीच. तुझ्या सासऱ्यांनी ताथवड्यात चारचौघांत टोमणा मारला, तुला लागलं, मला कळतं. मलाही वाटायचं, आई विसरते.

काल गाडी आपल्या गल्लीत आली. आईनं भाडेकरू पोरांना गाणी बंद करायला लावली होती. लग्नाकार्याची साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन ती दारात उभी. कागदावर पुढचं नाव अप्पांचं. ताई, माझ्या तोंडातून ते निघेना. आपण अप्पा म्हणायचो, आई नुसतं 'अवं' म्हणायची. घरात त्यांचं नाव कधी कुणी घेतलंच नाही. मी खालचं नाव वाचलं. सयाजीनं रिक्षा हळू केली, म्हणाला, "राव, एक राहिलं. मावशी थांबलीय." मी म्हटलं, चल. मग कोपऱ्यावर गेल्यावर त्यानं सांगितलं, दरवर्षी भोंग्यावर अप्पांचं नाव घेतलं की आई दारातून हळूच 'व्हय' म्हणते. आणि आत जाते.

दुपारी मी घरी गेलो. जेवताना आईनं ताटात भाकरी टाकली आणि एवढंच बोलली, "औंदा गाडी नीट बोलली न्हाई."

तू रविवारी मोबाइलवरून सगळी बाकी भरणार आणि वारसांची नावं लावायला टाकणार आहेस. टाक. कधीतरी करावंच लागणार. फक्त एक दिवस थांब, त्यासाठीच हे लिहिलं. एकदा बाकी भरली की ते नाव पुन्हा कुणी पुकारणार नाही. सोमवारी आमची शेवटची फेरी आहे. मी माइक बंद ठेवून सराव करतोय, सोनबा तात्याबा, सोनबा तात्याबा. आता जमतंय. तू ये आणि आईशेजारी उभी राहा. ती 'व्हय' म्हणेल तेव्हा तिला एकटीला म्हणू देऊ नको.

तुझाच,
बाळू