नुसतं ‘बरं’ म्हणायचं

५ जानेवारी २०२५, रविवार
नवी वही. मोजणी खात्यात एकवीस वर्षं फील्डबुक लिहितोय, स्वतःसाठी हे पहिलंच. बायको, ज्ञानेश्वरी, काल म्हणाली, चार वर्षं आपण दोन खोल्यांत झोपतोय, शिमग्यापर्यंत बघू, नाहीतर मी वेगळी राहते. शांतपणे म्हणाली. वाल सोलत होती. थेरपिस्टही तिनेच शोधून ठेवली आहे. मी लगेच हो म्हटलं. बायकोच्या उपचाराला सोबत जाणारे नवरे रत्नागिरीत किती असतील? बोटांवर मोजण्याइतके.
मुदत दोन महिने. मी याहून किचकट बांधाचे वाद मिटवलेत.

११ जानेवारी
आसिया मॅडम. पहिला मजला, खाली झेरॉक्सवाला. पस्तिशीच्या आतल्या. मी मुद्द्यांचा कागद नेला होता. एकूण चौदा मुद्दे, त्यातले तेरा ज्ञानेश्वरीविषयी. मॅडमनी तो घडी घालून मलाच परत दिला. म्हणाल्या, इथे निकाल लागत नाही. मग आम्ही कशाला आलोय, हे विचारायचं राहिलं.
ऑफिसात सांगितलंय, रूट कॅनल चालू आहे.

१८ जानेवारी
गृहपाठ मिळाला. मॅडमचं म्हणणं, ज्या शरीराला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ला काही अर्थ नसतो. म्हणून मी रोज पाच साध्या गोष्टी विचारायच्या. तिला वाटलं तर तिने ‘नाही’ म्हणायचं, कारण द्यायचं नाही. मी नुसतं ‘बरं’ म्हणायचं. आणि हात लावायचा तो विचारून.
बालवाडीचा अभ्यास.

१९ जानेवारी
चहा टाकू? नाही. बरं, पण का?
मांडवीच्या किनाऱ्यावर फेरी मारू या? नाही. बरं, पण घरात बसून तरी काय करणार?
बांगडे आणू? नाही. बरं, पण आज रविवार आहे.
पुढचे दोन लिहीत नाही. पाचपैकी शून्य. ज्ञानेश्वरीला मात्र पाचपैकी पाच. तिला सरावाची गरजच नाही, हे मॅडमच्या कानावर घालणार आहे.

१ फेब्रुवारी
आज मॅडमसमोर तिने सांगितलं. लहानपणी मामाकडे राहायला होती, तेव्हाचं. अकरा वर्षांची होती. बोलताना माझ्याकडे बघत नव्हती, खुर्चीचं रेक्झिन नखाने कुरतडत होती. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा. काय झालं ते इथे लिहीत नाही. मॅडम म्हणाल्या, हे तिचं आहे, तिला विचारल्याशिवाय या खोलीबाहेर जाता कामा नये. ज्ञानेश्वरीने मला विचारलं, ठेवशील ना? मी म्हटलं, ठेवीन. बघा, स्वतःच्या वहीतही लिहीत नाही.
येताना गाडीवर रडू आलं. हेल्मेट होतं म्हणून बरं.
लग्न झाल्यापासून चौदा वर्षं वाटत होतं, मीच हिला आवडत नाही. म्हणजे माझा काही दोष नव्हताच! फार हलकं वाटतंय.

१५ फेब्रुवारी
पाचपैकी दोन! संध्याकाळी गॅलरीत बसलो होतो. तिने आपणहून माझ्या हातावर हात ठेवला. मिनिटभर. डास चावत होता तरी मी हललो नाही. प्रकरण जवळजवळ निकाली.

१६ फेब्रुवारी
काल तिने हात ठेवला, म्हणून आज ती ओट्याशी उभी असताना मी मागून खांद्यावर ठेवला. विचारायचं राहून गेलं. तिच्या हातातलं पातेलं पडलं. पेज सगळ्या स्वयंपाकघरभर. ती बाथरूमची कडी लावून तासभर आत. मी बाहेरून पाच वेळा सॉरी म्हटलं. आतून आलं, जरा गप्प बस.
पेज मी पुसली. त्याची नोंद कोणी घेत नाही.

२२ फेब्रुवारी
मॅडम म्हणाल्या, शरीर आपल्या गतीने येतं, वर्षंही लागतील. वर्षं! आमच्या खात्यात साधी मोजणी असते, तातडीची असते, अतितातडीची असते. मी विचारलं, तुमच्याकडे अतितातडीचं काही नाही का? ज्ञानेश्वरीला हसू आलं. खरंखुरं. कधीपासून तिला असं हसताना बघितलं नव्हतं.
हेच पुरे म्हणायला हवं, पण शिमगा तोंडावर आला.
शिपाई विचारतो, साहेब, आता कितवा दात?

१५ मार्च, गावी
ज्ञानेश्वरीला पोस्टातून रजा मिळाली नाही. एका अर्थी सोयीचंच. उद्या देवीची पालखी आमच्या अंगणात येणार. सकाळी रावजी गुरवाला गाठलं. गावात देवीपुढे कुणाचंही गाऱ्हाणं तोच घालतो. त्याने विचारलं, काय मागायचं? म्हटलं, संसार नीट होऊ दे. तर म्हणतो, “आरं, पीडा कसली ती सांग. अर्धं सांगशील तर देवी अर्धंच करील.”
पटलं. डॉक्टर, वकील आणि देव यांच्यापासून लपवू नये. सगळं सांगितलं. देवीला सांगणं म्हणजे काही खोलीबाहेर नेणं नव्हे.

१६ मार्च
पालखी आली. वाडी आणि मुंबईचे चाकरमानी मिळून शंभरेक माणसं. रावजीने नारळ हातात घेतला आणि खड्या आवाजात सुरू केलं: “बा म्हाराजा, ह्यो अनिल तुज्या पायाशी आलाय. त्येच्या बायकोला ल्हानपनी मामाच्या घरात मामानंच जी पीडा दिलीन, ती दूर कर, नि त्येचा संसार वाटंला लाव रे म्हाराजा!”
शंभर तोंडांनी म्हटलं, “व्हय म्हाराजा!”
मीही म्हटलं. सवयीने आपोआप येतं. मग बघितलं, तर बायका एकमेकींकडे बघत होत्या.
पालखी मात्र उजवीकडे झुकली. शुभ असतं.

त्याच दिवशी, दुपारी ४.३०
चुलतभाऊ रितेश दरवर्षी गाऱ्हाण्याचा व्हिडिओ काढून गावच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. ज्यांना रजा मिळत नाही, त्यांच्यासाठी.
ग्रुपवर ज्ञानेश्वरी आहे.
रितेशला सांगितलं, काढ. म्हणाला, “दादा, काढतो, पण सगळ्यांनी बघितलानी.”

१८ मार्च, रत्नागिरी
ज्ञानेश्वरी ओरडली असती तर बरं झालं असतं. व्हिडिओ माहेरीही पोचला. तिला आईचा फोन येऊन गेला, घराण्याची अब्रू घालवलीस म्हणून. तिनेच घालवली म्हणे! मी म्हटलं, रावजीने इतक्या मोठ्याने म्हणायला नको होतं. ती म्हणाली, शंभर माणसांना विचारलंस, त्यांनी व्हय म्हटलं, मला कुठे विचारलंस?
 

२२ मार्च
मॅडमकडे एकटाच. तिने आपली वेळ वेगळी करून घेतली आहे. मी मॅडमना म्हटलं, माझा हेतू चांगला होता.  पालखी उजवीकडे झुकल्याचंही सांगितलं.  मग मी ज्ञानेश्वरीच्या खुर्चीत जाऊन बसलो. रेक्झिनला तिने पाडलेलं भोक आहे. माझं बोट पहिल्या पेरापर्यंत जातं.
मी तिला फसवलं. हे मोठ्याने म्हणायचं होतं, इथे लिहितोय.

३० मार्च, पाडवा
गुढी एकट्याने उभारली. ओळंबा लावून बघितली, तरी वाकडीच.
तिने नाचणे गावात खोली घेतली आहे. इथून दोन किलोमीटर तीनशे मीटर. सकाळी रिक्षा आली. विचारलं, बॅगा खाली नेऊ? नाही. बरं, पण जड आहेत. डब्यात श्रीखंड देऊ? नाही. बरं, पण सण आहे.
ती रिक्षात बसली. मी वाकून विचारलं, परत येशील?
तिने माझ्याकडे सरळ बघितलं. नजर न चुकवता, सावकाश म्हणाली, नाही.
मी म्हटलं, बरं.
रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत उभा होतो. ‘पण’ काही आलं नाही.