रुखमीचं तोंड, माहं तोंड

३ जानेवारी, शुक्रवार
आजपासून डायरी. रुखमी लिहिते मनून.
रुखमी मंजे माही धाकटी जाऊ. भितीले भीत लागून घर. तिनं दिवाळीत मिसरी सोडली, त आशावाली रुपाली तिले म्हने, काकू, रोज दोन ओळी लिहा, मन गुंतते. रुखमी दुसरी पास. मी चौथी पास. मंग मी कायले मागं राहू?
औंदा संक्रातीचं हळदीकुंकू अन् कॅन्सरचा कॅम्प एकाच मांडवात हाये. माइकवर रुखमी बोलनार. तोंडाचा कॅन्सर कसा होते, या विषयावर. तव्यावर तंबाखू कशी भाजायची, करपू न देता मिसरी कशी करायची, हे जिले म्या शिकोलं, ती आता ते सोडायचं कसं, हे गावाले शिकोनार.
ठराव: मी बी सोडनार. उद्यापासून. तसं मले व्यसन नाई. तंबाखू मी खात नाई. भाजून दाताले लावतो, अन् उरलेली चिमूट डाव्या गालात ठेवतो. टाकून द्यायले जीव होत नाई मनून.

४ जानेवारी, शनिवार
सोडली.
सकाळी लावली, पोट साफ व्हायले. ते औषध झालं. दुपारी लावली, सून मंजू चहात साखर टाकायची इसरली मनून. ते मंजूच्या खात्यावर. संध्याकाळी नाई लावली, नुसती सुपारी चघळली. सुपारी झाडाले लागते. फळ हाये.

५ जानेवारी, रविवार
नात आली. निकिता वाशीमले नर्सिंग शिकते. तिले म्हटलं, कॅन्सर सांग. रुखमीले येते त्याच्याहून जास्त सांग.
तिनं मोबाइलवर चित्र दाखोलं. आंगात बारीक बारीक पेशी. एकीच्या दोन होतात. होताना आतलं लिखान उतरून घ्या लागते. मिसरीतलं जहर ते लिखान तोडते. पेशी दुरुस्ती करते. पन रोज त्याच जागी जखम, रोज नव्या पेशी, रोज उतरवनं. कुठंतरी चूक राहूनच जाते. एका चुकीनं काई होत नाई म्हने, वर्षानुवर्षं चुकीवर चूक साचावी लागते. मंग एखादी पेशी अशी निंगते का थांब म्हटलं त थांबत नाई, मरायची पाळी आली त मरत नाई.
मी म्हटलं, समजलं. ही त रुखमी.
निकिता म्हने, आजी, मी पेशीचं सांगून राह्यली.
मी म्हटलं, तू सांगत राह्य. कोनाले लावायचं ते मी पाहतो.

८ जानेवारी, बुधवार
फोनवर निकितापासून पुढचं काढून घेतलं. गाठ मोठी व्हायले लागली का आपल्यासाठी रक्ताच्या नळ्या ओढून घेते. अगदी बरोबर. रुखमीनं नळाचा पाइप आपल्या आंगनातून ओढून घेतला, तवापासून आमची धार करंगळीएवढी. रक्तात पहारेकरी पेशी असतात, त्या बिघडलेलीले धरून मारतात. पन ही त्याईले वळखू येत नाई, घरच्यासारखी वागते. रुखमी रुपालीले रोज चहा पाजते. मंग ती पेशी एका जागेवरून उठून दुसरीकडे जाऊन बसते. आधी बचत गट, मंग शाळेची कमिटी, आता माइक.
हे सारं बुढ्याले सांगतलं. बुढा मंजे आमचे मालक, जगदेव. तो म्हने, तिच्या पेशी राहू दे, भाजीचा घास घेतला का तू काहून कन्हतं?
मिरची जास्त पडते मनून. मंजूले सुनावलं. ती म्हने, मामाजी खातात, लेकरं खातात, तुमालेच कशी झोंबते? सुनेची जीभ लय तिखट हाये. भाजीत तेच उतरते.

९ जानेवारी, गुरुवार
आरशात पाह्यलं. डाव्या गालात आतून पांढरं, चुना मारल्यावानी. बोटानं घासलं, निंगलं नाई. पेस्टचा फेस असंल. पेस्ट मी लावत नाई, पन मंजू लावते अन् घरात आरसा एकच हाये.

११ जानेवारी, शनिवार
रुपालीले सांगून टाकलं, भाषन मी करतो, मले रुखमीपेक्षा जास्त येते. ती म्हने, सोजरकाकू, आधी तोंड दाखवा. मी म्हटलं, तोंड बोलायसाठी असते.
मंग तिनं धोक्याच्या गोष्टी वाचून दाखोल्या. तंबाखू, मिसरी, सुपारी, दारू, गालाले घासनारा धारदार दात, वाढतं वय. घरात कोनाले झाला होता का, हे बी इचारलं. मी म्हटलं, कोनाले नाई. माह्या मायनं जलमभर मिसरी लावली, तिले काईच झालं नाई. शेवटी शेवटी तिच्या गळ्याखाली घास उतरत नवता मनून ती उपासानं गेली. कॅन्सर नवता.
रुपालीनं ते वहीत लिहून घेतलं. हारली.
निकितानं एक वाक्य सांगतलं होतं, ते मले पाठ हाये. लावनाऱ्या साऱ्याईलेच होते असं नाई, अन् न लावनाऱ्यालेही होऊ शकते. याच्या मागंपुढंही ती बोलली होती, ते आठवत नाई.
रुखमी आली होती. म्हने, बाई, एक गोष्ट सांगाची होती. मी म्हटलं, माइकवर सांगजो, सारं गाव आयकन. दार लोटून घेतलं.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रात. तिळाचा लाडू तोंडात मावला नाई. मंजूनं मोठे वळले. रुखमीनं माह्यासमोर अख्खा लाडू घातला तोंडात, मुद्दाम. तिचं तोंड पयलेपासूनच मोठं.
निकिता सुट्टीवर हाये. म्हने, आजी, तीन बोटं उभी धरून तोंडात गेली पायजेत. रुखमीनं तीन बोटं घातली, वरून हासली. माही दोनच गेली. माही बोटं जाड हायेत, निंदन-खुरपन केलेली. मंग निकितानं आपली बोटं लावून पाह्यली, अन् हात धुवाले गेली. तिचे डोळे भरले होते. नर्सिंग शिकून पोरगी नाजूक झाली.
ठराव: रोज सकाळी तोंड उघडायची प्रॅक्टिस. कॅम्पपर्यंत रुखमीच्या पुढं जायचं.
रुखमी परत दारात आली, बाई, आयकून त घ्या. तीन बोटं मिरवायले आली असंल. म्हटलं, मी झोपली.

१९ जानेवारी, रविवार
कॅम्प झाला. माह्यासारखं भाषन या गावात झालं नाई.
हिरवं लुगडं नेसून गेली. वान मनून औंदा बायाईले वाटी नाई, ब्रश अन् पेस्ट. रुखमी उभी राह्यली अन् कागद शोधून राह्यली होती, तेवढ्यात म्या माइक घेतला. पेशी सांगतली, लिखान सांगतलं, नळ्या सांगतल्या, पहारेकरी सांगतले. नाव घेतलं नाई, पन पाहत रुखमीकडेच होती. बाया पहिले चूप, मंग एक हासली, मंग साऱ्या हासल्या. मले वाटलं रुखमीले हासून राह्यल्या. मंजू खालून दाताईवर बोट फिरवून दाखवत होती. भाषनाआधी थोडी लावली होती, आवाज मोकळा व्हायले. काळे दात साऱ्या मांडवाले दिसले.
डॉक्टरीनबाई चांगल्या घरची होती, हासली नाई. म्हने, आजी, सारं बरोबर सांगतलं तुमी. आता पहिलं तोंड तुमचं पाहू, बायाईची भीती जाईन. टॉर्च लावला. अन् तो डाव्या गालावरून हालेच ना. हातमोज्याचं बोट फिरवलं, फोटो काढला, चिठ्ठी लिहिली, वाशीमले मोठ्या दवाखान्यात जा, टाळू नका.
रुखमीचं तोंड पाह्यलं अन् लगेच सोडलं. तिच्यात पाहन्यासारखं काई नाई.

२१ जानेवारी, मंगळवार
वाशीम. बुढा येत होता, रुखमी म्हने, भाऊजी, बायाईचं काम हाये, मी जातो. मिरवायचं कुठंच सोडत नाई.
गालाचा बारीक तुकडा काढला. बायोप्सी म्हनतात. सुई टोचली तवाच दुखलं, मंग नाई. डॉक्टर रुखमीले म्हने, तुमी बी लावत होत्या का? ती म्हने, एकाच घरात होतो तवा, एकाच डब्बीतून, दोघी संगच.
बाहेर बाकड्यावर बसलो. माह्या तोंडात कापसाचा बोळा, तिले मोकळं रान भेटलं. म्हने, बाई, माह्या गालात बी असंच पांढरं होतं. भेवानं कोनाले बोलली नाई. मिसरी सोडली, अन् ते हळूहळू गेलं. साऱ्याईचं जाते असं नाई म्हने, पन माहं गेलं. तेच सांगाले येत होती तुमच्याकडे. तुमी दार लोटून घेतलं.
मी काई बोलली नाई. बोळा होता.
एकच डब्बी, एकच तवा, भाजनारी मी. अन् गाल कोरा झाला तिचा. यालेच भेदभाव म्हनतात.
मिसरी लावली नाई. तोंडात टाका हाये मनून.

३१ जानेवारी, शुक्रवार
रिपोर्ट आला. डॉक्टर म्हने, अजून कॅन्सर नाई. पन पेशी रांग सोडून उभ्या राह्यल्या, अशाच राह्यल्या त कवातरी होऊ शकते. पांढरा भाग कापून काढू, सोमवारी भरती व्हा. मिसरी बंद, सुपारी बंद, नेमानं दाखवाले या. वेळेवर आल्या तुमी, आजी.
मी म्हटलं, माहं आधीपासून ध्यान होतं. रुखमी बाजूले बसली होती, तिनं काईतरी बोलाले तोंड उघडलं. मी तिचा पाय दाबला.
जीपमध्ये निकिताचा फोन. रडली, मंग हासली. घरी बुढ्यानं तंबाखू भाजायचा तवा उचलून बाहेर नेला. मी इचारलं नाई कुठं नेला.
रुपाली संध्याकाळी आली. पुढचा कॅम्प केनवडले हाये. म्हने, सोजरकाकू, जखम भरली का तुमी या. मी म्हटलं, भाषन तयार हाये. ती म्हने, भाषन रुखमीकाकू करतील. तुमी बाजूले बसायचं अन् त्याईनं सांगतलं का तोंड उघडून दाखवायचं.
इचार करून सांगतो म्हटलं. खुर्ची मधात पायजे, एवढं सांगून ठेवलं.