पुठ्ठ्याचा क्लिंटन

१४ नोव्हेंबर २०००

अमेरिकेतली मतमोजणी अजून चालूच! आठवडा होत आला. सदूशेठ सकाळपासून टीव्हीपुढे बसून. त्यांचं अडलंय ना — पुढचा पुठ्ठा कोणाचा बनवायचा?

"एवढा मोठा देश आणि मतं मोजता येत नाहीत! आमच्या कणकवलीकडे दुपारपर्यंत गुलाल उडतो रे मिथुन!"

इथे अल ऐनला लागून महिना झाला. शारजात कॅफेटेरिया केला, मग लाँड्री, मग एका टेलरकडे काजं-बटणं — कुठे टिकलो नाही. हा फोटो स्टुडिओ मात्र बरा वाटतोय. गंमत आहे. मागे पडद्यावर व्हाइट हाऊस रंगवलेलं, पुढे माणसाएवढा पुठ्ठ्याचा क्लिंटन, हात पुढे केलेला. गिऱ्हाईक त्याच्या हातावर हात ठेवतं, मी मागे उकिडवा बसून काठी धरतो, शेठ फोटो काढतात. पंधरा दिरहम, म्हणजे जवळजवळ दोनशे रुपये. मासिकातला फोटो मोठा करून चिकटवलाय. त्यात तो भलत्याच कोणाशी हात मिळवत होता, त्या माणसाला कापून टाकलं — पण त्याचा अंगठा राहिलाय क्लिंटनच्या हातावर! कोणाच्या लक्षात येत नाही.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टीचा दिवस, रांग दारापर्यंत. बंगाली, मल्याळी, पठाण, आपले सांगलीचे दोन गवंडी. सगळ्यांना क्लिंटनच हवा. "अच्छा आदमी है," म्हणे. का अच्छा ते कोणी सांगत नाही. हसतो छान, एवढंच.

एक पठाण लक्षात राहिला. लियाकत. पाण्याचा टँकर चालवतो. स्टुडिओतला कोट घातला, बाह्या मनगटाच्या वर! हसेचना. शेठ म्हणाले, खानसाब, थोडा मुस्कुराओ.

"बादशाह के सामने कोई दाँत दिखाता है?"

दोन कॉपी घेतल्या. एक बापाला गावी. पाकिस्तानात, अफगाण सरहद्दीजवळ डोंगरात कुठेतरी गाव आहे.

९ फेब्रुवारी २००१

बुशचा पुठ्ठा आला. नवाकोरा. दिवसभरात एक गिऱ्हाईक — तेही म्हणालं, "ये कौन? पुराना वाला लाओ." शेठचं तोंड बघण्यासारखं. मी त्या पडलेल्या तोंडाचाच फोटो काढणार होतो, रोल महाग म्हणून राहिलं.

लियाकत हल्ली दर शुक्रवारी चहाला येतो. आज सांगत होता — बापाने फोटो फ्रेम करून पाहुण्यांच्या खोलीत लावलाय. शेजारच्या गावांतून लोक बघायला येतात. चहा पितात, फोटो बघतात, जातात. मी म्हटलं, तुझा बाप मंत्री झाला की! तो म्हणाला, "मंत्री तो तुम्हारे यहाँ होते हैं, घुटने पकड़के चलनेवाले." आमच्या पंतप्रधानांच्या गुडघ्यांवर टोला! मी म्हटलं, आणि तुमच्याकडे वर्दीवाले! दोघंही हसलो. शेठ ओरडले, राजकारण बाहेर!

१५ जून

चालत बुरैमीला गेलो. एक पाऊल टाकलं की ओमान! कोणी विचारत नाही. परत यावंसंच वाटेना. अबुधाबीत ऑइल कंपनीत हेल्पर घेताहेत म्हणे. बघू.

१२ सप्टेंबर

काल संध्याकाळपासून टीव्हीवर तेच तेच. त्या दोन बिल्डिंगा. स्टुडिओत कोणी फिरकलं नाही. लियाकत टँकर रस्त्यावरच उभा करून आत आला, उभ्यानेच बघत राहिला. "वहाँ भी माँएँ होंगी," म्हणाला. चहा न घेता गेला.

अमेरिकेला जायचं माझंही मनात होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं शिक्षणही नाही.

१० ऑक्टोबर

रविवारपासून अफगाणिस्तानवर बॉम्ब पडताहेत.

आज चार पोरं आली. फोटो काढायचा — प्रेसिडेंटच्या डोक्यावर चप्पल ठेवून! शेठ घाबरले. "यल्ला, बाहेर! पोलीस येतील, माझा व्हिसा जाईल!" पोरं ऐकेनात. बुश माळ्यावर टाकलेला, त्यांना दिसला नाही. पडद्याआड क्लिंटन सापडला. मी म्हटलं, अरे ये तो पुराना है! इसका क्या लेना-देना?

"सब एक ही है."

थुंकून गेली. मी फडक्याने पुसलं. यातला एक मागच्या वर्षी रांगेत होता, त्याने भांग पाडायला माझाच कंगवा घेतला होता. शपथ!

त्यांनी खरा क्लिंटन बघितला नाही, खरा बुश बघितला नाही. मीही कुठे बघितलाय? पण त्या एका तोंडावरून सगळा देश चांगला, मग सगळा देश वाईट. मला जगभरचे लोक आमच्या पंतप्रधानावरून ओळखायला लागले तर? हे शेठना विचारलं. म्हणाले, पुसलंस ना नीट? मग झालं.

३ नोव्हेंबर

युनिव्हर्सिटीतला लोकल अरब पोरगा आला. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या व्हिसासाठी फोटो काढून गेला होता. आज म्हणतो, ऑस्ट्रेलियासाठी साइझ वेगळा लागतो का? मी म्हटलं, अमेरिका? हात झटकला. "खलास."

२१ डिसेंबर

ईद होऊन गेली. लियाकत महिनाभर आला नव्हता. आज आला — गाल आत गेलेले.

त्याच्या गावातली पोरं सरहद्द ओलांडून लढायला गेली होती. सहा प्रेतं परत आली. पुरून झाल्यावर लोकांना आठवलं — लियाकतच्या बापाच्या घरात अमेरिकेच्या बादशहाचा फोटो आहे! त्याचा पोरगा त्याच्याशी हात मिळवतो! जे चहा प्यायला यायचे तेच दारावर दगड मारताहेत. बापाशी कोणी बोलत नाही, गिरणीवाला दळण देत नाही. जिरगा बसणार आहे, म्हणजे गावच्या म्हाताऱ्यांची पंचायत. ठरलं तर घर जाळतील, गावाबाहेर काढतील. नाहीतर त्याहून वाईट.

मी म्हटलं, फोटो जाळून टाक म्हणावं बापाला!

"नहीं उतारते."

का?

कप बाजूला सरकवला. मग बोलला. फोटोबरोबर त्याने पत्रात लिहिलं होतं — क्लिंटन अबुधाबीला आला होता, मी पाणी घेऊन गेलो होतो, खूश झाला, स्वतः हात मिळवला! "सोचा, अब्बा एक दिन खुश हो जाएँगे." एक दिवस कसला, सगळं वर्ष! बापाने गावोगाव सांगितलं.

आता सांग ना खोटं होतं म्हणून, मी ओरडलोच.

"बोला था मैंने. फोन रख दिया उन्होंने."

२३ डिसेंबर

झोप लागत नाही. काठी मी धरली होती.

१८ जानेवारी २००२

लियाकतला सुचलंय — पुठ्ठाच घेऊन जायचा! जिरग्यापुढे उभा करायचा. बघा, हात लावा, कागद आहे. दुसऱ्याचा अंगठासुद्धा दाखवीन, म्हणाला. (मीच दाखवला होता त्याला कधीतरी.)

आधी हसू आलं. मग वाटलं, दुसरं आहे काय त्याच्याकडे?

शेठ एका शब्दात तयार. "ने रे बाबा, पीडा जाईल." पैसे घेतले नाहीत. पण विमानात एवढा लांब कसा न्यायचा? शेवटी कमरेत कापायचं ठरलं. शेठनी स्वतः करवत चालवली. मधेच थांबले, घाम पुसला, म्हणाले, "याच्यावर माझ्या पोरीची दोन वर्षांची फी निघाली रे." मग पुन्हा करवत.

८ फेब्रुवारी

लियाकतला दुबई एअरपोर्टवर सोडून आलो. ब्लँकेटात गुंडाळलेले दोन तुकडे, वर सुतळी. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, इसमें क्या है?

"क्लिंटन," लियाकत म्हणाला.

तो माणूस खो खो हसला. सोडलं. लियाकत हसला नाही. मला मिठी मारली, दाढी टोचली. "जिरगा मंगल को है. अब्बा बच जाएँगे, इन्शाल्ला."

बसमध्ये माझ्या शेजारी एक माणूस पिंजऱ्यात ससाणा घेऊन बसला होता. डोळ्यांवर टोपी घातलेला ससाणा. दोन तास त्याच्याकडेच बघत बसलो. दुसरं काही सुचतच नव्हतं.

१३ फेब्रुवारी

मंगळवार काल झाला. फोन नाही.

२० फेब्रुवारी

फोन नाही. शेठ म्हणतात, डोंगरातली लाइन, बिघडली असेल. अबुधाबीतून नोकरीचा निरोप आला. कळवतो म्हटलं.

७ मार्च

पडदा काढला. व्हाइट हाऊसच्या जागी आता काश्मीरचं तळं. खोटं बोलणार नाही, छान दिसतं.

१५ मार्च, शुक्रवार

लियाकत आला.

त्याने पुठ्ठा जोडून उभा केला. जिरगा हसून हसून आडवा झाला! म्हातारे क्लिंटनच्या गालाला चिमटे काढत होते, पोरं हात मिळवायला रांगेत उभी. माफ, खलास, घरी जा. बापाच्या पाठीवर थापा मारत होते — "चाचा, कागज का बादशाह!"

तेव्हा बाप उठून उभा राहिला. म्हणाला, लडका डर गया है, इसलिए झूठ बोल रहा है. मेरे बेटे ने हाथ मिलाया है.

हसणं थांबलं. रात्री बापाला गोळी घातली.

दुसऱ्या दिवशी लियाकतने त्याला पुरलं.