तळाशी पांढुरका डाग

बाबा, काल मी आपल्या वाडीच्या विहिरीवर गेले होते, पण घागर घेऊन नाही. हातात बर्फाचा डबा होता आणि त्यात काचेची बाटली, खाकी कागदात गुंडाळलेली. तुम्ही पंचायतीचं पाण्याचं काम बघायचात तेव्हा आरोग्य उपकेंद्रातून दर महिन्याला यायची, अगदी तशीच. त्या बाटल्या रत्नागिरीत जिथे उघडतात, त्या पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले आहे. नोकरी कंत्राटी आहे, पण अहवालाखाली सही माझी असते. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते. आपल्या घरात कुणी पदवीपर्यंत पोचेल असं तेव्हा मलाही वाटत नव्हतं. मी रसायनशास्त्रच का घेतलं, असं आई अजून विचारते. तिला मी खरं उत्तर दिलेलं नाही.

मला तुमचा सोमवार आठवतो. सकाळी तुम्ही बादलीत जंतू मारायची टीसीएलची पावडर कालवताय, नाकाला पंचा लावलाय, गाळ खाली बसेपर्यंत कठड्यावर कुणाला टेकू देत नाही. मग चपला काढून, देवाला पाणी घालावं तसं ते निवळ पाणी विहिरीत सोडताय. बाटली भरायचा दिवसही सोमवारच. तुम्ही कागद सोडून बाटली उजेडात धरायचात. तळाशी पांढुरका डाग दिसायचा. "शिकलेली माणसां ही," तुम्ही म्हणायचात, "बाटली धुवायची पन अक्कल न्हाय." आणि विहिरीच्याच पाण्याने ती तीनदा खळखळून विसळायचात, डाग जाईपर्यंत. एकदा, बाटली भरायच्या आदल्याच दिवशी, मी घागर न विसळता भरली म्हणून तुम्ही चार मुलींच्या देखत ती सगळी ओतून दिली होतीत. "विसाळल्याबिगर पानी भरायचा न्हाय, कितीदा सांगू तुला?" मी परत घागरभर पाणी शेंदलं. तुमच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तो डाग मळाचा नव्हता, बाबा. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतः तशा बाटल्या तयार केल्या. त्यात मुद्दाम थोडं औषध घालतात. पाण्यात शिल्लक राहिलेल्या टीसीएलचा जोर ते तिथल्या तिथे मारतं, म्हणजे पाणी भरताना जसं होतं तसंच आमच्यापर्यंत पोचतं. ते औषध धुऊन टाकलं की टीसीएल वाटभर बाटलीत काम करत राहतं, आणि एसटीतून रत्नागिरीला येईपर्यंत जंतू मरून गेलेले असतात. विहिरीत मात्र तिसऱ्या दिवशी पावडरीचा जोर संपतो आणि पुढच्या सोमवारपर्यंत वाडी तेच पाणी पिते. तुमचे सगळे अहवाल "पिण्यास योग्य" आले. आईने ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेत. मी ते एकदा टेबलावर ओळीने मांडले आणि तारखा तपासल्या. सगळे सोमवारचे होते.

आता या वर्षीचं सांगते. बायकापोरं वाडीत ठेवून मुंबईत राहिलेले चुलतकाका कायमचे परत आले आणि त्यांनी विहिरीच्या वरच्या कातळावर, सड्यावर, पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. गणपतीपुळ्याला जागा मिळाली नाही की लोक आपल्याकडे येतात. खोल्यांच्या मागे संडासांचा शोषखड्डा आहे आणि त्याला लागून बोअर. तुम्ही म्हणायचात ना, जांभा दगड पोटात काही ठेवत नाही, सड्यावर सांडलं की दोन दिवसांत विहिरीत येतं? पावसाळ्यानंतरचा नमुना मी घेतला, बाटली न विसळता, गुरुवारी. अयोग्य आला. त्यात मैल्याचे जंतू होते. साहेबांना मी आधीच सांगितलं होतं की गाव माझं आहे, तेव्हा त्यांनी दुसरा नमुना घ्यायला माझ्या सहकाऱ्याला पाठवलं. तोही तसाच आला. गावाला लाल कार्ड मिळालं, म्हणजे इथलं पाणी धोक्याचं आहे असं सरकारने लेखी सांगितलं.

काका घरी आले. ओटीवर बसून आधी चहा घेतला, माझ्या लग्नाची चौकशी केली, आणि मग म्हणाले, "बाय, मी काय विहिरीत विष टाकतंय काय? माझी पोरा ह्याच पान्यावर वाढली. दोन मुठी पावडर जास्ती टाकू, उद्या परत बाटली भर. हाय काय नि न्हाय काय."

"काका, बाटली भरण्याने पाणी सुधारत नाही."

"लय शिकलीस गो तू," ते हसले. मग हसू गेलं. "तुझ्या बापसाच्या टायमाला एक तरी कागद वाईट आला होता? त्याच्या हाताला गुण होता. तू त्याचा नाव घालवतंस."

हाच प्रश्न त्यांनी ग्रामसभेत पुन्हा विचारला, देवळाच्या सभामंडपात, सगळ्यांसमोर. मला ठाऊक होतं की याचं उत्तर दिल्याशिवाय पुढचं काहीच कुणाला पटणार नाही. जुने अहवाल खरे मानले तर वाडीच्या लेखी माझा खोटा ठरतो. आई खांबाशी बसली होती. मी उठले आणि सांगितलं: बाबा बाटली विसळायचे, आणि पावडर टाकली त्याच दिवशी भरायचे. म्हणून अहवाल चांगले यायचे. पाणी तेव्हाही दर वेळी चांगलं नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "मेलेल्या मानसावर घालतंय." मी थांबले नाही. सार्वजनिक विहिरीच्या पाचशे मीटरच्या आत दुसरा बोअर मारता येत नाही, हे कायद्यातून वाचून दाखवलं. जमीन काकांची असली तरी तिच्याखालच्या पाण्यावर पहिला हक्क वाडीच्या पिण्याचा आहे, हेही सांगितलं. अंतराची मोजणी झाली आहे, भूजल खात्याचा अहवाल तहसीलदारांकडे गेला आहे. शोषखड्डा हलेपर्यंत मी दर पंधरा दिवसांनी नमुना तपासायला लावणार आहे आणि येईल तो निकाल देवळाच्या फळ्यावर चिकटवणार आहे.

शेवटी एका म्हातारीने विचारलं, "पन तुझ्या बापसान असा केला का गो? तो तर येवढा चोख."

"चोख होते म्हणूनच," मी म्हणाले. "डाग दिसला म्हणून धुतला. बाटली विसळायची नसते हे त्यांना कुणी सांगितलं नाही."

घरी आल्यावर पडवीत पाय धुताना आई म्हणाली, "येवढ्या मानसांत सांगायलाच होवा होता?" मी "हो" म्हटलं. ती आत गेली, आणि थोड्या वेळाने मला चुलीवर मोठं पातेलं चढवल्याचा आवाज आला. पाणी उकळायला ठेवलं होतं. आजवर शंभरदा सांगूनही तिने पाणी उकळलं नव्हतं, तुमचे कागद आहेत म्हणून. काकांशी आता येणंजाणं बंद आहे. काल विहिरीवर गेले तेव्हा सड्यावर खड्डा खणायचं यंत्र उभं दिसलं, बोअरच्या पलीकडच्या, विहिरीकडे न येणाऱ्या उतारावर. चालू नव्हतं, पण आलं तरी आहे.

सभेत मी म्हणाले त्यातलं शेवटचं वाक्य मला सोडत नाही. बाटलीच्या गळ्याला एक चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली असायची. तुम्हाला सहीपुरती अक्षरं येत होती, तेव्हा तुम्ही ती सोडवून कठड्यावर ठेवायचात. घागर ओतलीत त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती उचलली. मराठीत छापलेलं होतं: बाटली आतून विसळू नये. मी आठवीत होते, स्वच्छ वाचता येत होतं. मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही दुसऱ्यांदा विसळत होतात, आणि मला वाटलं, विसळा. चिठ्ठी पुन्हा कठड्यावर ठेवली. राग दोन दिवसांत गेला. पण मग पुढच्या महिन्यात सांगायचं तर मागच्या महिन्यात का नाही सांगितलं, हे आलं असतं. त्या पावसाळ्यात वाडीत कावीळ आली. काकांची थोरली मुलगी दीड महिना अंथरुणाला खिळली होती. तुम्ही हातात कागद घेऊन दारोदार सांगत होतात की पाणी चांगलं आहे, आणि मी तुमच्या मागे उभी होते.

तुम्हाला कुणी सांगितलं नाही हे खरं आहे. सांगू शकणारी मी होते, हे मी सभेत गाळलं. हा कागद आईच्या डब्यात, तुमच्या अहवालांच्या वर ठेवते आहे. आईला वाचता येत नाही. तिला तो मलाच वाचून दाखवावा लागेल, आणि मग काकांच्या थोरलीलाही. मी दाखवणार आहे. आज मात्र डब्याचं झाकण लावलं, आणि आईने विचारलं काय ठेवलंस, तेव्हा म्हटलं, ऑफिसचा कागद आहे.