निंबातली तार

बाबा, लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही मला सातवीपर्यंत शिकवलंत, आणि तुम्ही असेपर्यंत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ यवतमाळला काढली. यंदा तपासणीला गेलो, तर जुन्या टाक्यांच्या जागी मशीनच्या फोटोत पुन्हा गाठ. डॉक्टर म्हणाले, आजार उलटला असावा, सुईने तुकडा काढून पाहू, आठ दिवस लागतील. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळा तोंडावर होता आणि मला मावशीची चिता आठवत होती. ओल्या लाकडांनी ती पेटत नव्हती, तुम्ही रॉकेलसाठी घरोघर फिरलात. माझं तसं होऊ नये, लाकूड आधीच वाळावं, म्हणून मी घाटंजीच्या बाजारातून लाकूडतोड्या आणला आणि अंगणातला तुमचा निंब दाखवला. सून दोरीवरचे कपडे काढता काढता एवढंच म्हणाली, "मामाजी, मराची एवढी घाई असन तं जेवून तं घ्या."

करवत बुंध्यात अर्ध्यापर्यंत गेली आणि अडकली. त्याने कुऱ्हाडीने खाच मोठी केली, तर आत तार. "काका, तुमचं झाड तार खाते काय?" म्हणाला, आणि करवतीचे मोडलेले दात दाखवून निघून गेला.

मी ओळखली ती तार. डोळ्यांपुढे आलं, मी सात वर्षांचा आहे. तुम्ही कपडे वाळवायला निंबाला तार आवळताय, साल फाटून पाणी येतं, आणि झाड मरेल म्हणून मी रडतो. तुम्ही खेकसता, "कायले रडून राह्यला? झाड आपलं पाहून घेते." आता त्या तारेभोवती लाकूड गोल फिरून गेलेलं, गच्च. तार गंजून काळी झालेली, पण लाकूड कुठंच सडलेलं नाही. मी बराच वेळ बोट फिरवत बसलो.

त्यानंतर दोन दिवसांनी सुईने काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. ऑपरेशनच्या धाग्याची एक गाठ आत राहिली होती, शरीराने तिच्याभोवती मांस गुंडाळून घेतलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, फोटोत ते आजारासारखंच दिसतं. मी विचारलं, शरीराला हे कोणी शिकवलं? ते हसले. मला हसू आलं नाही. मी तीन वर्षं घाबरत होतो आणि माझ्याच पोटात हे काम मला न विचारता चाललं होतं.

घरी येऊन निंबाच्या खाचेत शेणमाती भरली, वर पोतं बांधलं. सून म्हणते जगेल. लाकूडतोड्या बाजारात भेटला की म्हणतो, वारा आला की पडेल. मी रोज दहादा उठून पाहतो. या पत्राला पत्ता नाही, ते माझ्या खिशातच राहील. पण एवढं सांगा, अर्धा कापलेला निंब जगतो का? झाड आपलं पाहून घेते, हे तुम्हाला खरंच माहीत होतं, की नुसतं मला गप्प करायला म्हणालात? लवकर कळवा.