आत्याच्या नावाची बोट आणि चहाची कळ

न्यूपोर्ट, गुरुवार, ६ सप्टेंबर १९१७

तीर्थरूप हेस्टर आत्यांच्या पायांशी भाचा एल्डनचा नमस्कार. तुमचा गुडघा, तुमचा पोपट आणि तुमची झोप तिन्ही ठीक असावीत. (झोपेचं मुद्दाम विचारतो आहे. मंगळवारी सकाळी काही आवाज आला का?)

मी अजून हादरलेलोच आहे. तुमच्या नावाची आपली पांढरीशुभ्र बोट मी लढाईसाठी आरमाराला दिली आणि त्याच भरात तिच्यावर साधा खलाशी म्हणून भरती झालो, हे तुम्ही जाणताच. वाटलं होतं, निजायची खोली तरी माझी राहील. आत्या, त्या खोलीत आता कप्तान झोपतो, आणि कप्तान कोण, तर आपला तोर्सेन. दहा वर्षं आपलं सुकाणू धरणारा, ज्याला तुम्ही डांबराच्या बुटांपायी गालिच्यावरून हाकललं होतंत, तोच. पियानो गेला. तुमच्या नावावर करडा रंग फासून ६१२ हा आकडा घातला. चहाच्या टेबलाच्या जागी तोफ आहे. तिच्याभोवतीच्या फळ्या मी घासतो आणि तोर्सेन वरून म्हणतो, “एल्डन, कोपरे राहिले. ते काय तुझी आत्या घासणार?”

मंगळवारी निजायच्या त्याच खोलीत जमीन पुसत होतो. कंबर मोडली होती. पलंगाशेजारची जुनी पितळी कळ अजून तिथंच आहे. ती दाबली की चहा येतो हे माझ्या बोटाला इतकं पाठ, की त्यानं डोक्याला विचारलंच नाही. चहा आला नाही. तीस माणसं धावली आणि भोंगा बोंबलू लागला, कारण ती कळ आता पाणबुडी दिसल्याचा इशारा देते (मला हे कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा मी कोपरे घासत होतो). बाहेर धुकं होतं, किनाऱ्यालगत काहीतरी लांबट, काळं दिसत होतं. तोफ उडाली. धूर निवळल्यावर तोर्सेन खाली आला, कळीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “साखर किती?”

सोमवारी चौकशी आहे. मला बोटीवरून काढून किनाऱ्यावर कोठाराच्या कारकुनीत बसवतील. आत्या, मला ते सोसणार नाही. तुम्ही हसाल, पण जन्मात पहिल्यांदाच मी या बोटीवर काही काम केलं आहे.

तुमचा,
एल्डन

ता. क. तुमचं ते काळ्या छपराचं होडीघर. ते आता नाही. (आत कुणी नव्हतं, फक्त तुमची गळकी होडी.) तोर्सेन म्हणतो, मालकिणीची तक्रार नसेल तर तो मला ठेवून घेईल. तेव्हा ते पाडायचंच होतं, अशा दोन ओळी लिहून द्याव्यात.

आणखी एक. त्या ओळी न्यायला रविवारी तोर्सेन स्वतः येतोय. त्याला चहाला बसवा. बूट डांबराचेच असतील. कृपा करून गालिच्याकडे बघू नका.